डॉर्सेटमधला सह्याद्री

माझ्या मामाची टोपी कधीच उडाली नाही. मुळात मामा टोपी घालतच नसे. जन्मभर तो नागपूरला पोस्टात होता, आणि हेलिकॉप्टर त्यानं पाहिलं असेलच तर एखाद्या मंत्र्याचं, तेही लांबून. एवढं साधं लिहायला मला काही वर्षं लागली, म्हणून आधीच लिहून टाकतो. पुढे माघार घ्यायला जागा नको.

ब्रिस्टलला आम्ही आलो ते माझ्या नोकरीपायी. विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचो. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, आणि त्या न बोलता ईमेलनं कळवायच्या. स्वभावाला जुळणारं काम. मला बोलायला वेळ लागतो. मनात वाक्य जुळेपर्यंत समोरचा विषय बदललेला असतो, आणि इंग्रजीत त्याच्या दुप्पट वेळ. बायको म्हणायची, "तू सगळे शब्द ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवून घरी येतोस का रे?"

तिनंच लायब्ररीतल्या नोटीस बोर्डावरचा कागद मला दाखवला. हेलिकॉप्टरच्या एका जुन्या मालिकेचं वेड असलेली मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये जमतात, चहा-बिस्किटं मिळतील. मालिकेचं नाव सांगत नाही. कुणाचीच नावं घ्यायची नाहीत असं ठरवूनच लिहायला बसलोय. ती मालिका मी सहावी-सातवीत असताना पुण्यात शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिली होती. नायकाचं हेलिकॉप्टर निळं आणि खलनायकाचं लाल, हे मला ब्रिस्टलला येईपर्यंत माहीतच नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांकडे दोन्ही करडीच दिसायची. कोण कुणाला मारतंय यावरून आमची भांडणं व्हायची.

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं असत. बहुतेक रिटायर झालेली, दोघं-तिघं माझ्या वयाची. मालिकेची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे गोष्टीत कुणालाच रस नव्हता. त्यांना हवं होतं ते पडद्यामागचं. कुठे शूट झालं, कसं झालं, कुणी केलं. आणि त्यांनी काय काय शोधून काढलं होतं! निर्मात्यांना एकच हेलिकॉप्टर परवडत होतं, तेही भाड्याचं. म्हणून त्याची डावी बाजू निळी रंगवली आणि उजवी लाल. डावी बाजू दिसली की नायक, उजवी दिसली की खलनायक. त्यामुळे पाठलागाच्या प्रत्येक प्रसंगात नायक पडद्यावर डावीकडे जातो आणि खलनायक उजवीकडे. म्हणजे दोघं खरं तर एकमेकांपासून लांब पळत असतात. हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसलो की बिस्किटाचा तुकडा समोरच्याच्या कोटावर गेला.

कॉकपिट प्लायवुडचं होतं. लॉरीच्या दोन ट्यूबा फुगवून त्यावर ते ठेवायचे, दोन सुतार खालून हलवायचे, आणि तिसरा माणूस काचेबाहेर ढग रंगवलेला लांबलचक पडदा गुंडाळत न्यायचा. एका भागात वादळ चालू आहे, नायक दात-ओठ खातोय, आणि मागे कुणाचा तरी चहाचा मग एका फळीवर अगदी शांत बसलाय. तो मग पाहायला आम्ही ती टेप पंधरा वेळा मागे नेली असेल.

ही सगळी माहिती सेक्रेटरीबाई कार्डांवर लिहून ठेवत. त्या पूर्वी लायब्ररीत होत्या. ऐकीव गोष्ट असली तर पांढरं कार्ड. कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली, आणि त्या माणसाचा पत्ता लागत असला, तर हिरवं. हिरवी कार्डं फार थोडी होती, आणि ती ज्यांनी मिळवून दिली त्यांना हॉलमध्ये वेगळाच मान असे. एक नियम मात्र कडक. कार्ड चुकीचं निघालं तर ते दुसऱ्या कुणी फाडायचं नाही. ज्यानं दिलं त्यानंच सगळ्यांसमोर उभं राहून खोडायचं, आणि का खोडलं ते खाली स्वतःच्या अक्षरात लिहायचं.

आठ महिने मी तिथे मागच्या रांगेत बसलो. केटल चालू करायचो, कप धुवायचो. माणसं चांगली होती, पण शांत माणसाला शांतच ठेवण्याची तिथली रीत आहे. नवव्या महिन्यात भारतातला भाग लागला. नायक एका शास्त्रज्ञाला डोंगरी किल्ल्यावरून सोडवून आणतो, तो. लाल मातीचे डोंगर, एक घुमट, चार-पाच माड, पागोटी बांधलेले गावकरी आणि एक गाय. बाईंनी टेप थांबवली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही तिकडचे ना? हे नक्की कुठे आहे हो? आमच्याकडे या भागाचं एकही हिरवं कार्ड नाही."

वीस खुर्च्या करकरल्या. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट आठवतंय. "माहीत नाही." दोन शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "हा आमच्या पुण्याजवळचा घाट. माझा मामा तेव्हा तिथे रस्त्याच्या कामावर होता. त्यानं हे शूटिंग पाहिलंय. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा त्याची टोपी उडाली."

टोपी कुठून आली, देव जाणे. पण टोपीनंच काम केलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणालं, "बसा हो तुम्ही, आम्ही धुतो." बाईंनी हिरवं कार्ड काढलं.

त्या दिवसापासून मी बोलका झालो, हे लिहायला लाज वाटते. दर महिन्याला मामाबद्दल नवा प्रश्न असे. 'मामा' हा शब्द त्या हॉलमध्ये सगळ्यांना यायला लागला. मामानं पायलटशी हात मिळवला होता. मामाला सेटवरचा चहा पाणचट वाटला होता. मी फोनवर खऱ्या मामाला हे गमतीनं सांगितलं, म्हटलं रागावेल. तर तो म्हणाला, "असं होय? मग टोपी काळी सांग रे. पांढरी लवकर मळते." पुढच्या फोनमध्ये तो म्हणाला की नागपुरात शेजारच्यांनाही त्यानं ही हकिगत ऐकवली, आणि त्यांना फार आवडली.

घरी मी टेप आणली तेव्हा बायकोनं कांदा चिरता चिरता एकदाच वर पाहिलं. हेलिकॉप्टर खाली येत होतं, वारा सुटला होता, आणि गायीच्या पाठीवरचं वशिंड हळूहळू घसरत पोटाकडे निघालं होतं.

"अगं बाई! हिचं वशिंड पडलं!" ती सुरी खाली ठेवून हसायलाच लागली. "ही तर इथलीच गाय आहे, अरे. हिला वशिंड बांधलंय! आणि घाटमाथ्यावर माड? तू त्यांना सांगितलंस हा आपला घाट?"

"कुणाला कळणारे?"

"तुला कळलं होतं ना?"

कळलं होतं. पहिल्याच क्षणी. हॉलमधल्या मंडळींनी आयुष्यात वशिंडाची गाय पाहिली नव्हती. त्यांच्याकडे त्या प्रसंगाचं एक पांढरं कार्ड होतं: 'गायीच्या पाठीवरचं सामान सरकतं.' म्हणजे तो डोंगर खोटा आहे हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तोच साक्षीदार होता.

पुढच्या वर्षी मंडळानं एक पुस्तिका छापली. आजूबाजूच्या लायब्रऱ्यांत ठेवली. त्यात मामा होता, टोपीसकट. महिन्याभरानं साउथहॅम्प्टनहून पत्र आलं. थरथरत्या पण सुरेख अक्षरातलं. लिहिणारे गृहस्थ सेट रंगवण्याचं काम करत. मी त्यांना पेंटरकाका म्हणतो. त्यांचं म्हणणं एवढंच, की तो डोंगर भारतातला नाही, इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या एका दगडाच्या खाणीतला आहे, आणि तो मी रंगवलाय. कृपया नोंद घ्यावी.

बाईंनी पत्र हॉलमध्ये वाचून दाखवलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मामा काय म्हणतील यावर?"

सुटकेची इतकी सरळ वाट आयुष्यात फार वेळा मिळत नाही. मी म्हणालो, "वय झालं की आठवणींची सरमिसळ होते माणसाची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी ते वाक्य टिपून घेतलं, आणि उत्तराच्या पत्रात सभ्य शब्दांत घातलं. टोपीचं खोटं मी एक वेळ हसून सांगू शकतो. हे वाक्य नाही सांगू शकत. एका म्हाताऱ्या माणसाला, तो खरं बोलत असताना, तुझं डोकं आता चालत नाही असं मी कळवलं. पोस्टानं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "शनिवारी गाडी काढ," म्हणाली. "आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस." तिनं रव्याचा केक केला, वेलची घालून.

पेंटरकाका पहिल्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. उंच, वाकलेले, स्वेटरच्या बाहीवर जुन्या रंगाचे डाग. मी त्या मंडळाचा सभासद आहे म्हटल्यावर त्यांनी दार जरा आणखी उघडलं. मी टोपीवाल्या मामाचा भाचा आहे म्हटल्यावर ते दारातच थांबले.

"अस्सं," ते म्हणाले. "या. चहा घेता ना?"

मी केक काढून टेबलावर ठेवला. मग तेच बोलू लागले, आणि काय बोलले! भारत बनवायला त्यांना बारा दिवस दिले होते. नमुना म्हणून हातात होता भारताचं चित्र असलेला एक चहाचा डबा आणि लायब्ररीतलं एक पुस्तक. खाणीचा दगड पांढराफेक. त्यांनी वीटभट्टीवरून चार लॉऱ्या विटांचा चुरा आणला आणि टेकडीभर पसरला. झकास लाल डोंगर झाला. पहिल्या टेकला हेलिकॉप्टर खाली उतरलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं सगळा चुरा उचलला.

"पाच सेकंदांत," ते म्हणाले, "अख्खा भारत समुद्रात गेला. उरला डॉर्सेट. आम्ही सगळे नखशिखांत लाल. डायरेक्टर आठवडाभर लाल शिंकत होता."

मग त्यांनी चुरा सरसात कालवून, कुंच्यानं, हातानं, टेकडीचा एकेक दगड रंगवला. गावकरी म्हणून बंदरावरचे खलाशी आणले. पागोट्यांना कुणाच्या तरी मावशीचे पडदे. मी इतका हसलो की केकचा घास घशात अडकला. ते माझी पाठ थोपटत उभे राहिले, आणि तसेच उभे असताना म्हणाले, "शेवटी नावं येतात ना, त्यात माझं नाही. मी रोजावर होतो. रोजावरच्यांची नावं देत नसत. मला काही वाटायचं नाही त्याचं, कारण टेकडी तर होती. आता ती तुमच्या मामानं नेली."

म्हणजे आता बोलायलाच हवं होतं. मी कप खाली ठेवला. "माझी चूक झाली," म्हणालो. "मला... खरंच वाटलं. आमचाच घाट वाटला."

हे दुसरं खोटं. पहिलं घाबरून बोललो होतो, हे दयेनं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

त्यांचा चेहरा बदलला. डोळे बारीक करून ते माझ्याकडे बघत राहिले, मग हळूहळू हसले. "तुम्ही? तिथेच वाढलेले तुम्ही फसलात?"

"हो."

"आणि मामा?"

"मामाची... टोपी दुसऱ्या एखाद्या शूटिंगला उडाली असेल."

"असेल, असेल," ते म्हणाले आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला. पुढच्या बैठकीला मी त्यांना घेऊन जाईन, कार्ड खोडीन, असं ठरलं. परतताना मोटरवेवर मला हलकं वाटायला हवं होतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "जवळजवळ." ती म्हणाली, "जवळजवळ म्हणजे काय? पोळी जवळजवळ भाजली म्हणजे कच्चीच ना?"

दुसरा रविवार आला. पेंटरकाकांना साउथहॅम्प्टनहून आणलं, बायकोही बरोबर आली. काकांनी टाय लावला होता आणि मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. बाईंनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. टेप लागली. मग टेबलावर माझं हिरवं कार्ड, शेजारी पेन.

मी उभा राहिलो. एक रेघ मारली. टोपीवरून, घाटावरून, मामावरून. आता खाली कारण लिहायचं होतं. 'माझी फसगत झाली' एवढं लिहिलं की सगळे खूश. काका खूश, बाई खूश, मीही निर्दोष. आणि कार्डांच्या त्या पेटीत, जिथे ही माणसं एका चहाच्या मगासाठी पंधरा वेळा टेप मागे नेत, तिथे आणखी एक खोटं कायमचं जाऊन बसणार, या वेळी माझ्याच अक्षरात. पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. वशिंड अर्ध्या वाटेवर.

"हे सामान नाही," मी पडद्याकडे बोट दाखवून म्हणालो. "आमच्याकडच्या गायींना पाठीवर उंचवटा असतो. हा बांधलेला आहे, आणि तो घसरतोय. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. घाट आमचा नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फसलो नाही. मी खोटं बोललो. मामा कधी तिथे नव्हताच. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, आणि मला ते आवडलं."

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब इंग्रजी भाषण. मागे केटल उकळून आपोआप बंद झाली, तिचा खटका ऐकू आला.

मग पेंटरकाका हसायला लागले. आधी खांदे, मग आवाज.

"अहो, मला माहीत होतं," ते म्हणाले. "तिकडची गाय पाहिलेला माणूस त्या गायीला फसेल? मी तेव्हाच डायरेक्टरला म्हटलं होतं, हे निसटणार. मी फ्लॅटमध्ये बघत होतो, केव्हा बोलताय."

"मग तिथेच का नाही विचारलंत?"

"तुम्ही इतक्या लांबून आलात. आणि केक फार चांगला होता." त्यांनी मागे वळून माझ्या बायकोला मान लववली. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "फक्त एक करा. त्या पत्रातलं ते एक वाक्य आहे ना, आठवणींचं. ते तेवढं परत घ्या. ते वाचल्यावर मी दोन आठवडे स्वतःलाच विचारत होतो, की बाबा, खरंच रंगवला होतास का तू?"

बाईंनी फाइलमधून पत्राची प्रत काढली. मी ते वाक्य वाचलं, माझं म्हणून, सगळ्यांसमोर, आणि परत घेतलं. "माफ करा" याच्यापुढे शब्द सापडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. हाताला अजून टर्पेंटाइनचा वास होता, किंवा मला वाटला.

मग त्यांनी कापडी पिशवी उघडली आणि आतून एक तपकिरी, चुरगळलेला स्पंजाचा गोळा टेबलावर ठेवला. खाली दोन नाड्या लोंबत होत्या. हॉलमध्ये एकच गलका झाला. वशिंड! सगळे उठून भोवती जमले. बाईंनी दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं की कुणी हात लावायचा नाही, आणि मग स्वतःच लावला.

"अरे, हे जपून ठेवलं होतं यांनी इतकी वर्षं!" बायको माझ्या कानाशी मराठीत म्हणाली. "आणि तू टोपी घेऊन बसलास."

माझ्या कार्डाचं काय करायचं हा प्रश्न उरला. पांढरं नाही, हिरवं नाही. बाईंनी बराच विचार करून ड्रॉवरमधून एक गुलाबी कार्ड काढलं, त्यावर माझा सगळा कबुलीजबाब लिहून घेतला आणि पेटीत सगळ्यांत मागे घातलं. माझ्या माहितीप्रमाणे तिथे ते एकटंच आहे. संध्याकाळी मी नागपूरला फोन करून मामालाही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते तुझं तू खोड. मी आता इथे लोकांना काय सांगू?"

पण त्याआधी, त्याच दुपारी, बाईंनी नव्या हिरव्या कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर आदळला. "काका सांगतील, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर बरं आहे, आणि आता तुम्ही खोटं लिहाल असं वाटत नाही." ही त्यांची शिक्षाही होती आणि विनोदही. आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. विटांचा चुरा, सरस, पडद्यांची पागोटी, खलाशी. प्रत्येक कार्डाच्या तळाशी साक्षीदार म्हणून त्यांचं नाव, जे मालिकेच्या शेवटी कधी आलं नव्हतं. दर वेळी ते चष्मा लावून नाव वाचत, मगच पुढचं सांगत.

सहाव्या की सातव्या कार्डाला मी धीर करून विचारलं, "हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा कुणाची टोपी उडाली होती का हो?"

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. घाई केली नाही.

"टोपी नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या टेकला पाऊस होता, म्हणून कॅमेऱ्यावर छत्री धरलेली. ती गेली. थेट समुद्राकडे."

मी हिरवं कार्ड घेतलं आणि लिहिलं: छत्री.